केबिनवर केबिन चढवण्याआधी

हर्णैच्या मामांनी काल रात्री तो मेसेज मला पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "केबिनवर अजून एक केबिन घेऊ काय? बोट बळकट होते म्हणे." म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या मेसेजकडे मी बघतही नाही.

मेसेज म्हणतो: जितके मजले जास्त, तितका जहाजाचा कणा मजबूत. टायटॅनिक दुभंगली ती वरच्या मजल्यांत सांधे ठेवले म्हणून. तेव्हा ट्रॉलरवर दुसरी केबिन वेल्डिंग करून बसवा. (मामांची बोट लाकडी आहे. वेल्डिंग कशाला करणार, देव जाणे.)

टायटॅनिकचं पटकन उरकतो. ते दोन सांधे मुद्दाम ठेवलेले होते, लाटेवर वाकणाऱ्या सांगाड्याचा ताण वरच्या हलक्या बांधकामात शिरू नये म्हणून. खालचा सांगाडा अखंड होता. नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, पाण्याने भरली, मागचा भाग हवेत उचलला गेला, त्या भाराने सांगाडा तुटला.

मजबुतीचं अर्धं खरं आहे, चला, मान्य. जहाजाच्या लांबीचा बराच भाग व्यापणारं, कडांशी सलग जोडलेलं वरचं बांधकाम वाकण्याचा भार वाटून घेतं. पण ट्रॉलरची केबिन म्हणजे डेकवर ठेवलेलं आखूड खोकं. ते भार फारसा घेत नाही. उलट जिथे संपतं त्या कोपऱ्यांत ताण साचतो. गोदीत आलेल्या लोखंडी बोटींवर दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मी कितीदा पाहिलीय. वरून रंगाचा हात मारलेला, आणि रंगातून डोकावणारी गंजाची बारीक रेघ.

आणि मुळात पाठ मोडण्याची भीती लांब जहाजांना. ट्रॉलरला भीती कलंडण्याची, आणि वरचा मजला नेमकी तीच वाढवतो. कोरियाची सेवोल फेरी आठवा, 16 एप्रिल 2014. आधी वरच्या डेकवर प्रवाशांच्या जादा खोल्या बांधल्या, मग माल जास्त भरला आणि तळाशी तोल धरणारं पाणी कमी ठेवलं. एका वळणावर ती कलली ती कललीच. 304 माणसं गेली. तिची पाठ शाबूत होती!

मामा, केबिनच्या टपावर पाण्याची टाकी ठेवल्यापासून बोट "मस्त झुलते, झोप लागते" असं तुम्हीच म्हणालात ना? ती सावकाश झूल म्हणजे बोटीला सरळ व्हायला जोर कमी पडतोय. दुसऱ्या केबिनचं राहू द्या, आधी ती टाकी खाली उतरवा.