ताट आपलं, बेत सरकारचा

वाशीत राहणाऱ्याने महागाईवर बोलू नये. धान्याचा घाऊक बाजार म्हणजे दाणाबंदर इथलं, मसाला मार्केट इथलं, कांदा-बटाट्याचे ट्रक तुमच्याच झोपेवरून जातात. तुम्ही फक्त खा. विचार करायला सरकार समर्थ आहे.

ठाणे-वाशी लोकलमध्ये मात्र ‘सगळी सबसिडी शेतकऱ्याच्या घशात’ हे वाक्य दिवसातून एकदा टाकाच. युरियाची 45 किलोची गोणी कर आणि निंबोळीचा लेप सोडून 242 रुपयांना विकायची, वरचा खर्च सरकारने कंपनीला द्यायचा, आणि त्यातला थोडा तुमच्या पोळीतही उतरतो, हे मनात आणू नका. वादाची मजा जाते.

डॉक्टरांनी ज्वारी सांगितली? खुशाल खा, फक्त भाव विचारू नका. 2024-25 च्या पिकाला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3371 रुपये आणि गव्हाचा 2425. कागदावर ज्वारीच वरचढ! पण भाव जाहीर करणं वेगळं आणि काटा लावून माल उचलणं वेगळं. सरकारी गोदामं भरतात ती प्रामुख्याने गहू-तांदळाने. शेतकरी काही खुळा नाही. पाणी असलं की तो ऊस लावतो, कारण तिथे एफआरपीला, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान ऊसदराला, कायद्याचा आधार असतो. मग भाकरी पोळीपेक्षा महाग पडते आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून तर ती मॉलमध्ये चकचकीत पाकिटात बसते. नाचणीची बिस्किटं घेतलीत तर पाकीट उलटू नका. मागच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा आधी मैदा, मग साखर, पामतेल आणि कुठेतरी खाली अंग चोरून नाचणी उभी असते.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना प्रथिनांचं महत्त्व जरूर समजावा. रेशनवर त्यांना माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकट मिळतं, मुख्यतः गहू आणि तांदूळ. तूरडाळीचा भाव त्यांनी विचारलाच तर विषय योगासनांकडे वळवा.

कांदा महागला की गळा काढा. तुमचं ऐकलं जातं. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. ती उठली 4 मे 2024 ला. नाशिक आणि दिंडोरी या कांद्याच्या पट्ट्यात लोकसभेचं मतदान 20 मे ला होतं, हा निव्वळ योगायोग. भाव पडला की मात्र ब्रही काढायचा नाही. शेतकरी रस्त्यावर कांदा ओततोय ही बातमी बघत भजी तळायला घ्यायची.

तेलाचं तेवढं जपून. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. कच्च्या पामतेलावरचं मूळ आयातशुल्क सप्टेंबर 2024 मध्ये शून्याचं 20 टक्के झालं, मे 2025 अखेर 10 वर आलं. तेव्हा कढई चढवण्याआधी अधिसूचना वाचून घेत जा.