चष्मा लावला की तोल सावरतो?

महिन्याभरात लातूरच्या चार ग्रुपवरून मला एकच मेसेज आला. त्यात म्हटलंय ते असं : आजी-आजोबांना रोज १५ मिनिटं व्हीआर चष्मा (डोळे पूर्ण झाकून आत खोटं दृश्य दाखवणारा) लावून गेम खेळू द्या. परदेशातल्या संशोधनात यानं पडणं निम्म्यावर आलं. तोल मेंदू शिकतो, पायांचे व्यायाम लागत नाहीत. खुर्चीत बसूनही चालतं. काठी सुटते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हाच माझा धंदा. म्हणून एकेक दावा तपासते.

'निम्म्यावर आलं' हे साफ खोटं नाही, आणि घोळ तिथंच आहे. असा आकडा २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सापडतो. बेल्जियम, इस्रायल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधले ३०२ जण, वय ६० ते ९०, आधीच्या सहा महिन्यांत किमान दोनदा पडलेले. त्यात पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे रुग्ण बरेच. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, असे सहा आठवडे त्यांनी सराव केला. ट्रेडमिलला गेमची जोड मिळालेल्या गटात सहा महिन्यांतलं पडणं सरासरी ११.९ वरून ६ वर आलं. नुसत्या ट्रेडमिलवाल्यांना तेवढा फायदा झाला नाही. म्हणजे गेमनं काम केलं, हे मलाही मान्य. पण चष्मा कुणाच्याच डोळ्यांवर नव्हता! समोर पडदा होता, कॅमेरा त्यांचीच पावलं त्यावर दाखवायचा, आणि पडद्यावरचे अडथळे ओलांडत ती माणसं खरोखरीची चालत होती. पडू नये म्हणून अंगाला पट्टे बांधलेले. आपल्याकडं हातात कळशी, नातू आडवा आलेला आणि पुढं उंबरा, अशा वेळी पाऊल कसं टाकायचं याचीच ती तालीम होती.

खुर्चीत बसून? हे सिडनीत तपासून झालंय. २०२४ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ६५ वर्षांवरचे ७६९ जण होते. एका गटानं घरी टीव्हीसमोर चटईवर पावलं टाकत गेम खेळला, दुसऱ्यानं बसून. पावलं टाकणाऱ्यांचं पडणं वर्षभरात २६ टक्क्यांनी कमी झालं. बसलेल्यांत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. घरी करता येतं एवढं मेसेजमधलं खरं, पण तिथंही डोळे उघडे होते.

डोळ्यांवर मी इतका जोर देते, कारण तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो : डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांची जाणीव. जुना मधुमेह असला की तळव्यांना नीट कळत नाही. "चप्पल कधी निसटली समजलंच नाही," असं सांगणारी माणसं माझ्याकडं रोज येतात. त्यांची सगळी भिस्त डोळ्यांवर, आणि आपण नेमके तेच झाकायचे? एका मावशींच्या नातवानं पुण्याहून असा चष्मा आणला. लावताच समोर दरी दिसली. मावशी दचकून मागं सरल्या, टाच बाजेच्या खुराला लागली आणि धपकन बाजेवर बसल्या. नशीब, मागं बाज होती. "काढ रं बाबा ते, माझं घर कुठं गेलं?" हे त्यांचे शब्द. दिवसभर मळमळ झाली ती वेगळीच.

पायांचे व्यायाम नकोत, हे तर उलटंच. न्यूझीलंडच्या ओटागो व्यायामक्रमात घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करणं, टाचा उचलणं, एका पावलापुढं दुसरं ठेवून उभं राहणं असे साधे व्यायाम असतात. त्यानं पडणं साधारण एक तृतीयांशानं घटलं. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून हे जमतं, लाइट गेली तरी.

बाकी न्हाणीतली ओली शहाबादी फरशी, रात्री लघवीला उठताना उतरणारं बीपी, झोपेची गोळी, पिकलेला मोतीबिंदू, यांचं मेसेजमध्ये नावही नाही. माझ्याकडं येणारी निम्मी माणसं तरी यातल्याच कशानं तरी पडलेली असतात.

राहिली काठी. ती सुटेल की नाही हे मी माणसाला चालवून बघितल्यावर सांगते, फोनवर नाही. तोवर तिच्या टोकाचं रबर झिजलंय का तेवढं बघा. मेडिकलमध्ये नवं मिळतं.