ते लाड नाहीत, तो पाठलाग आहे

एक रील सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतेय. टाकीत रेड-इअर्ड स्लायडर जातीची दोन कासवं समोरासमोर, आणि त्यातलं एक आपले पुढचे पंजे दुसऱ्याच्या गालांपाशी थरथरवतंय. खाली मजकूर : 'मोठा तो नर, छोटी ती मादी. बघा किती लाड! कासव एकटं खंगतं, म्हणून नेहमी जोडीच ठेवा.' हे वाचून लोक खरंच दुसरं कासव घरी आणतात, म्हणून लिहितेय.

'मोठा तो नर' हे या जातीत साफ उलटं आहे. पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जाते, नर बहुधा 20च्या आतच थांबतो. (आफ्रिकेच्या सुल्काटा कासवात मात्र नर मोठा, त्यामुळे एका जातीचा नियम दुसरीला लावू नका.) आणि पिल्लांच्या आकारावरून तर काहीच कळत नाही. कवच 10 सेंटिमीटरच्या आसपास गेलं की नराच्या पुढच्या पायांची नखं लांब दिसू लागतात, शेपूट जाड आणि लांब होते. तोवर एक मोठं, एक छोटं दिसलं तर आधी खाण्याकडे बघा. एकत्र ठेवलेल्यांत दांडगं कासव आधी झडप घालतं, दुसऱ्याला उरलंसुरलं मिळतं.

आता ते 'लाड'. नर मादीच्या तोंडासमोर येऊन नखं थरथरवतो, हे प्रियाराधन खरंच. पण तिची तयारी नसेल तर ती निघून जाते. तळ्यात तिला जागा असते. तीन फुटांच्या काचेच्या टाकीत ती जाणार कुठे? माझ्याकडे दोघं एकत्र होती तेव्हा मी रोज बघायचे : ती डोळे मिटून मान आत ओढून घ्यायची, वळायची, की हा पुन्हा समोर हजर. दगडावर चढायला लागली की मागच्या पायाला चावायचा. एके दिवशी तिच्या मानेच्या घडीत पांढरट, सोललेली जखम दिसली, तेव्हा माझे डोळे उघडले. तिने खाणंही कमी केलं होतं. वेगळ्या टाकीत ठेवल्यावर ती पुन्हा खायला लागली.

शिवाय नुसती थरथर दिसली म्हणून नर-मादी ठरत नाही. काही महिन्यांची पिल्लंही ती करतात, नर दुसऱ्या नरासमोरही करतो.

'एकटं खंगतं' याला आधार नाही. ओंडक्यावर एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेल्या कासवांचे फोटो पाठवले जातात. ती तिथे उन्हासाठी जमतात, उन्हाची जागा कमी म्हणून एकावर एक चढतात. ही कासवं जोडी बांधून राहत नाहीत. खंगलेल्या कासवाला बहुतेक वेळा स्वच्छ पाणी, ऊब, कोरडी बसायची जागा आणि युव्हीबी दिवा (उन्हातल्या अतिनील किरणांसारखे किरण देणारा) हवा असतो.

दोघं आधीच एकत्र असतील तर आजच वेगळी करा. दुसरी टाकी लगेच जमत नसेल तर मध्ये आरपार न दिसणारा पडदा घाला. जास्तीचं कासव तलावात मात्र सोडू नका. ही जात मूळची अमेरिकेची, आपल्याकडच्या कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर ती डल्ला मारते.

आणि मादी एकटी असली तरी अंडी धरते, नर लागत नाही. ती खाणं सोडून मागच्या पायांनी सारखी उकरायला लागली तर तिला खोल, ओलसर मातीची जागा द्या. तरीही अंडी आली नाहीत आणि ती मलूल झाली, तर थांबू नका, कासवं बघणाऱ्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या. अडकलेली अंडी तिच्या जिवावर बेततात.