एकाग्रतेसाठी अजून एक कप

काम पुढ्यात आहे आणि डोळे मिटताहेत, अशा वेळी चुकूनही झोपू नका. वामकुक्षी हे आमच्या आजोबांच्या पिढीचं खूळ. एक ते चार दाराची कडी काढायची नाही, असल्या सवयींमुळेच पुणं मागे राहिलं. तुम्ही लॅपटॉप बगलेत मारा आणि फर्ग्युसन रस्त्यावर या.

आधी भिंतीलगतचं, प्लग असलेलं टेबल पटकवा. एकाग्रता तिथेच लागते. मग फिल्टर कॉफी सांगा. स्टीलचा पेला, खाली वाटी, वर बोटभर फेस. पहिला घोट घेतल्या घेतल्या फाइल उघडायची घाई नको. कॅफीन रक्तात पुरतं चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं लग्न कशावरून मोडलं, ते ऐकून होतं.

शास्त्रही माहीत असू द्या, चारचौघांत सांगायला बरं पडतं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्यानं पेंग येते. कॅफीन काय करतं, तर एसटीत टाकतात तसा त्याच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन बिचारं उभं. ते उतरत मात्र नाही, उलट दर थांब्याला त्याचे भाऊबंद चढत राहतात. रुमाल उचलला, की सगळे एकदम बसणार. म्हणून रुमाल उचलूच देऊ नका. दुसरा कप सांगा.

तिसरा मी परवा संध्याकाळी सहाला घेतला. काय वेग आला म्हणता! एक्सेलच्या चाळीस ओळींना सात रंग दिले आणि साहेबांबद्दलचा मेसेज साहेबांनाच पाठवला. शुद्धलेखनाची एक चूक नाही. अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री अकराला अर्धी कॉफी जागी होती, सोबतीला मी. आमच्या गल्लीत कुत्री पाच आहेत.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत हरकत नाही, असं सांगितलंय. पण कॉफीच्या पुडीत जी चिकोरीच्या मुळांची पूड मिसळतात, तिच्यात कॅफीन नसतंच, तेव्हा आपल्या पेल्यातली चिकोरी हवी तेवढी धरा आणि हिशेब जमवा.

आजोबा चारला उठतात, अर्धा कप चहा घेतात आणि पेपरातलं शब्दकोडं पेनानं सोडवतात. खाडाखोड नाही. त्यांच्याकडे बघू नका. वेटर कुठे गेला बघा.