पवनचक्कीनं पाऊस पळवला म्हणे!

आमच्या तालमीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ होतंच. मजकूर थोडक्यात असा: पवनचक्क्यांची पाती ढग फोडून पुढं ढकलतात, म्हणून पूर्व भागात पाऊस पडत नाही, त्यांच्यातून कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी निघतात, त्यानं कॅन्सर होतो, आणि पातं कधी तुटून डोक्यात पडेल याचा नेम नाही. मी उत्तर टाइप करेपर्यंत त्याखाली सतरा अंगठे उठले होते. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी पाऊस. हे बोलणं आजचं नाही. सातारा-सांगलीच्या पठारांवर नव्वदच्या दशकाच्या शेवटी चक्क्या उभ्या राहिल्या आणि २००० नंतर लगोलग माण, खटाव, आटपाडी, जत होरपळले. ज्याची दावण चारा छावणीत गेली, त्याची नजर डोंगरावर नव्यानंच गरगरणाऱ्या वस्तूवर जाणारच. त्याला मी नावं ठेवत नाही. पण याच तालुक्यांतली माणसं १९७२ ला खडी फोडायला गेली होती, तेव्हा कुठल्या डोंगरावर चक्की होती?

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात बघा की. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना रिकामा होतो, पलीकडं उतरताना कोरडा पडतो. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच, आणि ती शाहू महाराजांच्याही आधीची आहे.

दुसरं, चक्की म्हणजे पंखा नव्हे. पंखा वीज खाऊन वारा देतो. चक्की वारा खाऊन वीज देते. ती ढकलत नाही, उलट मागचा वारा थोडा मंदावतो. तोही किती? सैद्धांतिक गणितानंसुद्धा वाऱ्यातली ५९ टक्क्यांच्या वर ऊर्जा काढता येत नाही, आणि ती फक्त पात्यांच्या घेरातून जाणाऱ्या वाऱ्याची. जुन्या चक्क्यांची पाती शंभरेक मीटरपर्यंत पोचतात, नव्यांची दोनशेच्या आसपास. मान्सूनच्या वाऱ्याचा सगळ्यात जोरकस पट्टा असतो साधारण दीड किलोमीटरवर, आणि वळवाचे ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. त्यांना खालच्या या काड्यांचा पत्ताही नसतो.

‘पण पावसाळ्यात ढग पात्यांना टेकतात की!’ टेकतात. आषाढात साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहिलं की धुक्यातून एक पातं खाली येतं, हुश्श करतं, गडप होतं; मग दुसरं. धुकं मात्र फाटत नाही, बाजूलाही होत नाही. आपण दहा मिनिटांत निथळतो. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये चक्क्या असलेल्याच पाटण तालुक्यात, कोयनेच्या पाणलोटात, धो धो कोसळला. इकडं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शाहूपुरीत बोटी फिरल्या.

कॅन्सरचं लवकर आटपतो. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं चक्क्यांच्या आसपासची १२३८ घरं तपासून २०१४ ला निष्कर्ष दिले: आवाज वाढला तसा लोकांचा वैताग वाढला, पण आजारपणाशी किंवा झोपेशी संबंध दिसला नाही. न ऐकू येणाऱ्या लहरींवर फिनलंडनं २०२० ला अभ्यास केला, त्यातही काही हाती लागलं नाही. वैताग मात्र खरा आहे. रात्री रातकिडे थांबले की ती एकसुरी घरघर डोकं उठवते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठीच ५०० मीटर अंतराची अट आहे.

पातं तुटतं का? तुटतं, क्वचित. आगही लागते, कारण वरच्या डब्यात तेल आणि वायरिंग असतं, आणि तेवढ्या उंचीवर बंब पोचत नाही. म्हणूनच वारा ताशी ९० किलोमीटरच्या घरात गेला की यंत्र पाती वळवून स्वतः थांबतं. सेल्फीसाठी बुंध्याशी जाऊन बसणाऱ्यांना काय सांगावं!

मेसेजमध्ये जे नव्हतंच, ते खरं नुकसान. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्याच पठारावर मोजणी केली. २०१८ ला छापून आलं: चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि खाणारं कुणी नाही म्हणून सरडे वाढलेले. गळ्याला निळा-केशरी पंखा असणारा हा सरडा. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीगटाचं नावच ‘सरडा’ ठेवलंय, आपल्या मराठीतलं. ससाणा-घारींवर एकानंही अंगठा उठवला नाही.

जतकडच्या आमच्या आत्तीच्या अंगणातून चार चक्क्या दिसतात. मेसेज तिलाही पोचला होता. तिला विचारलं तर म्हणाली, “पावसाचं ऱ्हाऊ दे रं. चक्कीला जायला डोंगर कापून रस्ता केलाय न्हवं, त्याचा मुरूम दर मिरगाला माझ्या रानात येतोय. गटार काढून द्या म्हणून तीनदा सांगितलं.” चौथ्यांदा तोंडी नको, लेखी देऊ म्हटलं. अर्ज मी लिहून दिलाय. येत्या ग्रामसभेत ती देणार आहे.