खलाशाच्या हातचं पाणी आणि तो मेसेज

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, बोटी पाण्यात जातात, खलाशी बंदरावर परततात आणि त्यांच्या पाठोपाठ तो मेसेजही येतो. यंदा मला चार ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: किनाऱ्यावर गुप्तरोग पसरलाय, बाहेरच्या खलाशांपासून लांब राहा, त्यांच्या हातचं पाणी पिऊ नका, जेटीवरचा संडास वापरू नका, अंगावर काही दिसत नसेल तर काळजी नको, दिसलंच तर खोबरेल आणि मिठाचं पाणी, सरकारी दवाखान्यात जाऊ नका, नाव गावभर होतं.

देवगडच्या बाजूला एका बंदराजवळ माझं औषधांचं दुकान आहे. या मेसेजची गिऱ्हाइकं शेवटी माझ्याच काउंटरवर येतात, म्हणून उत्तर देतो.

पाणी आणि संडास आधी उरकतो. परमा, क्लॅमिडिया, एचआयव्ही यांचे जंतू शरीराबाहेर फार तग धरत नाहीत. ते संभोगातून जातात, मुखमैथुन आणि गुदमैथुनही त्यात आलं. काही रक्तातून जातात, काही आईकडून बाळाला. पेला, विहीर, डास, एका ताटात जेवणं, यातून नाही. बोटीवर एकाच घोंगडीत चौघे झोपले की पसरते ती खरूज, आणि ती जांघेत उठली की लोक तिलाच गुप्तरोग समजतात. एक गोष्ट मात्र बोटीवर खरंच टाळायला हवी: एकाच ब्लेडने सगळ्यांची दाढी. कावीळ करणारा हिपॅटायटिस बी त्यातून जाऊ शकतो. त्याची लस आहे.

आता खलाशी. महिनोन्महिने घरापासून लांब राहणाऱ्यांना धोका जास्त, हे खरं आहे. एड्स नियंत्रणाचं सरकारी काम स्थलांतरित मजूर आणि ट्रकचालकांकडे वेगळं लक्ष देतं ते त्यासाठीच. पण घरापासून लांब राहणारा म्हणजे फक्त बोटीवर कामाला आलेला नेपाळचा पोरगा का? मुंबईत खोली करून राहणारा आणि गणपतीला, शिमग्याला घरी येणारा आमचा चाकरमानीही त्याच हिशेबात बसतो. त्याच्याबद्दल मेसेज येत नाही, कारण मेसेज त्याच्याच फोनवरून येतो. खोड जुनीच आहे म्हणा. उपदंशाला, म्हणजे आपल्याकडच्या ‘गरमी’ला, सोळाव्या शतकातल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंग रोग’ म्हटलंय. तिकडे युरोपात इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा.

‘काही दिसत नसेल तर काळजी नको’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. गावाचं नाव सांगत नाही, पण एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, माझ्याकडे तळहात दाखवायला आला होता. दोन्ही तळव्यांवर तांबूस डाग. खाज नाही, आग नाही. त्याच्या मते दोर आणि डिझेल बाधलं होतं, मलम हवं होतं. मी म्हटलं, पायाचे तळवे बघू. तिथेही तेच. मग हळूच विचारलं तेव्हा म्हणाला, मागे एकदा खाली छोटीशी जखम झाली होती, दुखत नव्हती, आपसूक सुकली. तपासणीचं नाव काढलं तर म्हणे, “माका काय्येक होत नाय, मग तपासणी कित्याक?”

उपदंशाचं नाटक हेच. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी न दुखणारी जखम येते आणि तीन ते सहा आठवड्यांत औषध न घेताही भरून जाते. माणूस सुटल्यासारखा वाटतो, जंतू मात्र रक्तात असतो. मग हे डाग, मग तेही जातात, आणि पुढे कित्येक वर्षांनी मेंदू किंवा हृदय धरतं. गरोदर बाईला असला तर मूल पोटातच दगावू शकतं. इतकं असून रक्ताच्या साध्या तपासणीत कळतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. तांडेल शेवटी गेला, रिपोर्ट घेऊन आला. त्याच्या बायकोचाही पॉझिटिव्ह निघाला, आणि तिला तर कधी काहीच दिसलं नव्हतं. क्लॅमिडिया, परमा बायकांमध्ये बहुतेकदा असेच गुपचूप राहतात आणि गर्भनलिकांवर व्रण पाडतात. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं नवस चालतात त्यातल्या काही घरांत कारण हे असतं.

म्हणून उपचार दोघांचे. माझ्याकडे येऊन “ती एक गोळी द्या” म्हणणारे खूप. नवरा गोळी खातो, बायको तशीच, महिन्याने पुन्हा तेच. परम्याच्या जंतूंवर जुन्या कित्येक गोळ्या आता चालतही नाहीत, अर्ध्यामुर्ध्या डोसांनी आपणच त्यांना तालीम दिली.

खोबरेलाचं काय सांगू! आमच्याकडे ते केसांपासून कोळंबीपर्यंत सगळीकडे चालतं, पण निरोधवर नाही. पटत नव्हतं त्या दोघा पोरांसमोर मी एक फुगवला आणि तेलाचं बोट फिरवलं. थोड्या वेळात फट्. तेलाने लॅटेक्स कमजोर होतो. वंगण हवंच तर पाण्याचं घ्यावं. पाकीट उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर किंवा मागच्या खिशात महिनोन्महिने ठेवू नये. आणि हेही सांगून टाकतो: जननेंद्रियावरची नागीण (हर्पिस), मस्से, उपदंश हे कातडीला कातडी लागूनही जातात, निरोध झाकतो तेवढंच झाकतो. मस्से आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग देणाऱ्या एचपीव्हीवर लस आहे, मुलींना लहान वयात दिलेली उत्तम. मिठाच्या पाण्याने जंतू मरत नाहीत, फक्त चरचरतं.

राहिलं नाव गावभर होण्याचं. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे: संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचं नाही. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे समुपदेशक बंद खोलीत बोलतात. एचआयव्हीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. धोका झाला असेल तर ७२ तासांच्या आत जावं, २८ दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्ही टाळता येतो.

आता माझ्या दुकानाचं बघा. काउंटरवर सकाळी चार माणसं उभी, एकजण बिस्किटाचा पुडा घ्यायला आलेला, आणि त्यांच्यामधून मान पुढे काढून कोणीतरी कुजबुजतो, “काका, तेव्हढी ती गोळी.” चौघांचे कान तिकडे. मी काही बोलत नाही, बिलाच्या पाठीवर एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा फुकटचा सरकारी नंबर लिहून देतो.