पेशी धुऊन काढल्या म्हणजे नवे हृदय तयार झाले, असे नव्हे

डुकराचे हृदय साबणासारख्या द्रावणाने धुतले की त्यातील सर्व पेशी निघून जातात, मागे पांढरा सांगाडा उरतो, त्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी सोडल्या की काही आठवड्यांत धडधडणारे नवे हृदय तयार होते, शरीर ते कधीच नाकारत नाही आणि म्हणून आता अवयवदात्यांची गरज उरलेली नाही, अशा आशयाचा मजकूर पांढऱ्या हृदयाच्या छायाचित्रासह गेली काही वर्षे फिरत आहे. छायाचित्र खरे आहे आणि धुण्याची प्रक्रियाही खरी आहे. त्यापुढची विधाने मात्र एकेक करून तपासणे आवश्यक आहे, कारण प्रतीक्षायादीत नाव असलेल्या रुग्णाच्या घरी हा मजकूर पोहोचतो तेव्हा उपचार दाराशी आल्याची ती खूण मानली जाते.

‘सर्व पेशी निघून जातात’ या विधानापासून सुरुवात करू. कोणत्याही ऊतीमध्ये पेशी असतात आणि त्या पेशींनीच स्रवलेले कोलॅजन, इलॅस्टिन इत्यादी प्रथिनांचे जाळे असते. सोडियम डोडेसिल सल्फेट हे शाम्पूत आणि टूथपेस्टमध्ये वापरले जाणारे रसायन रक्तवाहिन्यांतून फिरवले की पेशींची आवरणे विरघळतात, उरलेला डीएनए विकरांनी तोडला जातो आणि जाळे, म्हणजेच तो पांढरा सांगाडा, शिल्लक राहते. परंतु ‘सर्व’ हा शब्द येथे टिकत नाही. २०११ पासून संशोधक सर्रास वापरतात ती कसोटी अशी की, कोरड्या ऊतीच्या एका मिलिग्रॅममागे डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असावा, त्याचे तुकडे २०० बेसजोड्यांपेक्षा (डीएनएच्या शिडीतील पायऱ्यांपेक्षा) लहान असावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रके दिसू नयेत. ही शून्याची कसोटी नाही, सहन होईल इतक्या अवशेषांची आहे. धुणे सौम्य ठेवले तर अवशेष राहतात, कठोर केले तर जाळ्याची बळकटी आणि त्याला चिकटलेली उपयुक्त प्रथिने जातात, आणि द्रावण नीट निघाले नाही तर पुढे येणाऱ्या नव्या पेशीही त्यानेच मरतात.

‘धडधडणारे नवे हृदय’ हे विधान २००८ च्या एका प्रयोगावर उभे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात हॅराल्ड ओट आणि डोरिस टेलर यांच्या गटाने उंदराचे हृदय पेशीमुक्त करून त्यात नवजात उंदरांच्या पेशी सोडल्या, आणि आठव्या दिवशी ते हृदय आकुंचन पावू लागले होते. हे यश मोठेच होते, पण त्या आकुंचनाची ताकद प्रौढ हृदयाच्या सुमारे २ टक्के होती. २०१६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील गटाने प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेल्या ७३ मानवी हृदयांवर केलेले काम प्रसिद्ध केले. त्यात डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या) भिंतीत सुमारे ५० कोटी पेशी सोडून ती १४ दिवस जिवंत ठेवली गेली. प्रौढ हृदयात स्नायुपेशीच अब्जावधी असतात, शिवाय विद्युतसंदेश वाहणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अखंड अस्तर हवे. हे अस्तर अपुरे राहिले की उघड्या कोलॅजनला रक्ताचा स्पर्श होताच गुठळ्या होतात. असे हृदय कोणाही माणसाच्या छातीत बसवलेले नाही. २०२२ मध्ये बाल्टिमोर येथे एका रुग्णाला बसवलेल्या डुकराच्या हृदयाची बातमी पुष्कळदा या मजकुराला जोडली जाते, पण ते जनुकबदल केलेल्या डुकराचे, आपल्या सर्व पेशींसह जिवंत असलेले हृदय होते. त्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावीच लागली आणि सुमारे दोन महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

सर्वांत घातक विधान ‘शरीर ते कधीच नाकारत नाही’ हे आहे. डुकरांच्या ऊतींवर अल्फा-गॅल नावाची शर्करा असते, माणसात ती नसते, आणि आपल्या सर्वांच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच फिरत असतात. पेशी गेल्या तरी ही शर्करा जाळ्यावर उरू शकते. व्हिएन्नातील शल्यचिकित्सकांनी २००३ मध्ये जे प्रसिद्ध केले ते या मजकुरासोबत कधीच येत नाही. अडीच ते अकरा वर्षे वयाच्या चार मुलांना डुकराच्या पेशीमुक्त म्हणून विकल्या गेलेल्या हृदयझडपा बसवण्यात आल्या. एका मुलाचा सातव्या दिवशी झडप फाटून मृत्यू झाला, दुसऱ्याचा सहा आठवड्यांनी, तिसऱ्याचा वर्षभराने, आणि चौथ्याची झडप दोन दिवसांत खबरदारी म्हणून काढून टाकली गेली. तपासणीत झडपांमध्ये तीव्र दाह आढळला, रुग्णाच्या पेशी जाळ्यात रुजल्याच नव्हत्या आणि न वापरलेल्या झडपांतही पेशींचे अवशेष सापडले. याउलट जर्मनीतील हॅनोवरच्या गटाने २००२ पासून मानवी दात्यांच्या पेशीमुक्त फुप्फुसीय झडपा वापरल्या आणि तरुण रुग्णांत त्यांचे परिणाम आश्वासक ठरले. ऊती कोणाची होती आणि ती किती काळजीपूर्वक धुतली गेली, यावर सर्व काही अवलंबून असते.

‘रुग्णाच्या स्वतःच्या पेशी’ या शब्दांनीही सुरक्षिततेची हमी मिळत नाही. २००८ मध्ये बार्सिलोनात दात्याच्या पेशीमुक्त श्वासनलिकेवर रुग्णाच्या पेशी वाढवून ती बसवल्याचा गाजावाजा झाला. त्यावरचा शल्यचिकित्सक पाओलो माक्यारिनी यांचा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये मागे घेतला.

मग उपयोगात काय आहे? त्वचेचे पेशीमुक्त आंतरस्तर १९९० च्या दशकापासून भाजलेल्या रुग्णांसाठी वापरले जातात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डुकराच्या पित्ताशयापासून विकसित झालेल्या जखमेवरील आच्छादनाला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. प्रयोगशाळेत मानवी पेशींकडून विणून घेतलेली आणि नंतर पेशीमुक्त केलेली रक्तवाहिनी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये हातापायांच्या रोहिण्यांच्या गंभीर दुखापतींसाठी मंजूर झाली, तीही ती फाटण्याच्या धोक्याचा ठळक इशारा देऊनच. हे सारे पातळ थर किंवा नळ्या आहेत, ते पेशींविना बसवले जातात आणि रुग्णाचे शरीर सावकाश त्यांत आपल्या पेशी रुजवते. या विद्येचे खरे सामर्थ्य आज येथे आहे, आणि ते लहान मानण्याचे कारण नाही.

राहिला दात्यांचा प्रश्न. हॅनोवरच्या झडपा दात्यांच्या होत्या, बॉस्टनची ७३ हृदये दात्यांची होती, त्वचेचा मानवी आंतरस्तर दान केलेल्या त्वचेपासूनच बनतो, आणि त्या रक्तवाहिनीच्या मूळ पेशीही दात्यांच्या महारोहिणीतून घेतलेल्या आहेत. महाराष्ट्रातील त्वचापेढ्या सध्या दान केलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये जतन करून भाजलेल्या रुग्णांवर तात्पुरते आच्छादन म्हणून वापरतात. ती मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत घ्यावी लागते, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि नातेवाइकांनी कळवल्यास पेढीचे पथक घरी येते.